श्रीलंकेतले तलाव, हत्ती आणि बिबटे: सुट्टीतले अनुभव, तुमचेही लिहा

नीलमोहर (मुलुंड)

श्रीलंकेहून परतल्यापासून ऑफिसात, सोसायटीत सगळे एकच विचारतात, बिबट्या दिसला का? दिसला. पण आधी तलावांबद्दल लिहिते. त्या देशाच्या कोरड्या भागात जे जे डोळ्यांत भरलं ते पाण्याच्या काठावर होतं, आणि ते पाणी माणसांनी साठवलेलं होतं.

बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात आपल्या कोकणासारखा पाऊस पडतो. उत्तर आणि पूर्वेकडच्या सपाटीला मात्र मुख्य पाऊस मिळतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. पुढचे कितीतरी महिने आभाळ कोरडं. तिथल्या राजांनी म्हणून जागोजागी मातीचे बांध घालून पाणी अडवलं. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. आजही त्यावर भातशेती होते आणि आजूबाजूचे लोक त्या राजाला 'मिन्नेरी देवियो' म्हणून पूजतात. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारी माणसं मला फार जवळची वाटली.

आता हत्ती. जून-जुलैपासून मिन्नेरियाचं पाणी उतरायला लागतं. आपल्याकडे धरणाचं पाणी ओसरलं की ज्या जमिनीवर गाळपेर करतात, तशी ओल धरलेली जमीन तिथे उघडी पडते आणि तिच्यावर कोवळं गवत उगवतं. बाकी जंगल करपलेलं असताना एवढं हिरवं गवत आणि पाणी एकाच जागी, म्हणून लांबलांबून कळप येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा मेळावा भरात असतो. आशियाई हत्ती एवढ्या संख्येने एकत्र दिसण्याच्या जागा जगात फार थोड्या आहेत.

आम्ही हबरण गावात मुक्काम ठेवला होता. दुपारी चारच्या सुमाराला झाडीतून पहिली म्हातारी हत्तीण बाहेर आली, थोडी थांबली, सोंड वर करून वास घेतला आणि मग तिच्यामागून सगळं कुटुंब. नंतर दुसऱ्या बाजूने दुसरा कळप, मग तिसरा. मोजायचं मी सोडून दिलं आणि एकाच पिल्लाकडे बघत बसले. मोठे हत्ती सोंडेने गवताचा झुपका उपटतात, पुढच्या पायावर आपटून माती झाडतात आणि मग तोंडात घालतात. ते पिल्लू तेच करायला बघत होतं. झुपका उपटायचा, पण आपटताना निम्मं गवत सुटून जायचं. मग आईच्या तोंडातलं ओढायचं. आई देत होती. तिथल्या नरांना सहसा सुळे नसतात, दहातल्या एकालाही नाही. त्यामुळे भलामोठा मखना (बिनसुळ्यांचा नर) शेजारून गेला तरी आधी हत्तीणच वाटते. मग खांद्यांची रुंदी आणि कपाळाचा आकार बघायची सवय होते.

सिगिरियाच्या खडकावर चढल्यावर खाली जंगल आणि त्यात चमकणारे तलाव दिसतात. हा खडक काश्यप राजाचा, पाचव्या शतकातला. त्याच्या बापाची, धातुसेनाची, गोष्ट तिथल्या जुन्या बखरीत आहे. काश्यपाने बापाला कैद करून खजिना दाखव म्हणून छळलं. धातुसेन त्याला आपण बांधलेल्या कलावेवा तलावावर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती ही एवढीच. मुलाने त्याला ठार केलं. कलावेवा आजही भरतो. तिथून अनुराधपुरापर्यंत ८७ किलोमीटरचा प्राचीन कालवा आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या लांब टप्प्यात दर किलोमीटरला उतार जेमतेम दहा सेंटीमीटर! कोणत्या उपकरणांनी मापला असेल? मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मला यावर रात्री झोप लागली नाही.

आता 'याला' राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडक्यात. बिबट्या सकाळी उन्हात खडकावर आडवा पडलेला, अगदी उघड्यावर. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, रानकुत्रेही नाहीत. बिबट्याच सगळ्यांत वरचा शिकारी, त्याला लपूनछपून राहायची गरज कमी. आपल्या आरेतला बिबट्या रात्री भिंतीच्या कडेने सावलीसारखा सरकतो, तोच प्राणी तिथे राजासारखा वागतो. पण जीपगाड्यांची गर्दी मला सहन झाली नाही. एका बिबट्यामागे वीसेक इंजिनं चालू. त्या प्राण्याला आपण काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, हा विचार मनातून जात नाही.

तुम्ही कोणकोण गेला आहात? काय पाहिलंत? लिहा.

---

घाटवाटा

सुंदर लिहिलंय. हॉर्टन प्लेन्सला गेला नाहीत का? डोंगरात फिरणाऱ्यांनी ते चुकवू नये. साधारण २१०० मीटरच्या वरचं पठार, सुमारे साडेनऊ किलोमीटरची फेरी, आणि एका टोकाला 'वर्ल्ड्स एंड', म्हणजे जवळपास ८७० मीटरचा कडा. सकाळी नऊ-दहानंतर धुकं चढतं आणि समोर नुसती पांढरी भिंत उरते, म्हणून उजाडताच फाटकावर हजर राहायचं. कोकणकड्यावर बसलेल्या माणसाला तिथली शांतता ओळखीची वाटेल. बुरांशाची लाल फुलं, वाऱ्याने वाकलेली झाडं, सांबरं अगदी जवळ येऊन उभी राहतात. (त्यांना खायला देऊ नका, लोक देतात.)

फाटकावर पिशव्या तपासतात, बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिकसुद्धा काढून ठेवायला लावतात. आपल्या गडांवर हे कधी होणार?

---

वैनगंगा (मूळ गोंदिया, सध्या डोंबिवली)

नीलमोहरताई, तलावांचं वाचून राहवलं नाही. आमचे भंडारा-गोंदिया जिल्हे तलावांचे. माजी मालगुजारी तलाव म्हणतात त्यांना. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले, एकाखाली एक, वरच्याचा सांडवा खालच्यात. श्रीलंकेतही तलावांची अशीच माळ असते, वरच्या शेतांचं झिरपलेलं पाणी खालच्या तलावात जातं. नवेगावबांधचा तलाव तर आज व्याघ्र प्रकल्पात आहे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात, तोही या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या जिवावर.

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि रोजची देखभाल करणारं कोणी उरलं नाही. गाळ भरला, बेशरम (पाण्याकाठी फोफावणारं तण) माजली. आता काही गावांत ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, मग मासे परत आले, पक्षी आले. मुंबईचे लोक विमानाने श्रीलंकेला जातात याबद्दल काही म्हणणं नाही, पण हावडा मेलने गोंदियालाही या. डिसेंबरात या. माझ्या मामाकडे राहा.

---

पाणकावळा (बोरिवली)

वैनगंगा, नक्की येणार.

मुंबईकरांनी आपल्या उशाशी बघावं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही माणसांनी बांधलेले. शहराला पाणी हवं म्हणून भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं, आणि आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा तेच राखलेलं रान आहे. १०३ चौरस किलोमीटरमध्ये पन्नासच्या आसपास बिबटे. तलाव झाला म्हणून जंगल टिकलं, ही गोष्ट आपलीही आहे.

आणि यालाची गर्दी नको असेल तर विल्पत्तूला जा. श्रीलंकेतलं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान, १३०० चौरस किलोमीटरहून जास्त. यादवी युद्धाच्या काळात अनेक वर्षं बंद होतं. आत 'विल्लू' नावाची नैसर्गिक उथळ तळी आहेत, पांढऱ्या वाळूच्या काठाची. एका विल्लूवर सकाळ काढली की मगर, चितळ, तुताऱ्या, कंकर, सगळं येऊन जातं. बिबट्या दिसेलच असं नाही, पण दिसला तर तुम्ही आणि तो, एवढंच.

जून-जुलैत खिरणी पिकते. तीच आपल्या गुजरात-महाराष्ट्रातली खिरणी, तिथे तिला 'पलू' म्हणतात. अस्वलं झाडावर चढून फळं खातात. अस्वल बघायचं असेल तर हाच मोसम.

---

तिलारीकाठ (दोडामार्ग / लालबाग)

सगळ्यांचं वाचलं. आनंद आहे. पण माझं वेगळं सांगणं आहे.

आमच्या दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. माझ्या काकांची केळीची आणि सुपारीची बाग आहे. वीस वर्षं वाढवलेला माड हत्ती एका रात्रीत आडवा करतो. पंचनामा होतो, भरपाई कधी येते, कधी येत नाही. काकी संध्याकाळी सहानंतर अंगणात जात नाही. तुम्ही जीपमधून पिल्लू बघता तेव्हा त्या हत्तीच्या वाटेवर कुणाचं तरी शेत असतं. श्रीलंकेत हे नाही का? ते कुणीच लिहीत नाही.

---

नीलमोहर

तिलारीकाठ, बरं झालं तुम्ही लिहिलंत. श्रीलंकेत हे आहे, आणि फार मोठ्या प्रमाणात आहे. २०२३ या एका वर्षात तिथे चारशेहून जास्त हत्ती मेले आणि दीडशेहून जास्त माणसं. गोळ्या, विजेच्या तारा, खाण्यात लपवलेली स्फोटकं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरणजवळ प्रवासी रेल्वेगाडीने हत्तींच्या कळपालाच धडक दिली. मी जिथे राहिले त्याच परिसरातली ही गोष्ट.

आमचा ट्रॅकर शेतकऱ्याचाच मुलगा. त्याचे वडील भाताच्या दिवसांत रात्री झाडावरच्या मचाणात राखण करतात. तो सकाळी पर्यटकांना हत्ती दाखवतो आणि वडील रात्री हत्ती हाकलतात. हे त्याने अगदी सहज सांगितलं, कडवटपणा नव्हता. मी विचारलं, हत्ती नकोसे वाटत नाहीत? तो म्हणाला, पाणी त्यांचंही आहे.

यावर तिथे काय चाललंय तेही सांगते. हत्तींचा जवळजवळ ७० टक्के वावर माणसं राहतात त्याच भागात आहे, त्यामुळे सगळ्यांना हाकलून उद्यानात कोंडणं शक्यच नाही. उद्यानांच्या हद्दीवर विजेची कुंपणं घातली, पण पलीकडेही जंगल आणि हत्ती असल्यामुळे ती फारशी उपयोगी पडली नाहीत. हत्तींचे अभ्यासक डॉ. पृथ्वीराज फर्नांडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला: कुंपण गावाला आणि शेताला घालायचं, हत्तीला नाही. भातशेतीचं कुंपण पेरणीला उभं करायचं आणि कापणी झाली की काढायचं, म्हणजे नंतरचे धसकट-गवत हत्तींना मोकळं. देखभाल गावकऱ्यांनीच करायची. जिथे गाव एकत्र राहिलं तिथे हे चालतं. माड-सुपारीच्या बारमाही बागेला हंगामी कुंपण पुरणार नाही हे मला कळतं, तिथे कायमचं लागेल. पण कुंपण कुणाभोवती, हा प्रश्न दोडामार्गातही विचारण्यासारखा आहे.

आणखी एक. वरच्या बाजूला झालेल्या मोरगहकंद धरणातून आता कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात पाणी सोडलं जातं. तलाव भरलेला राहिला की गवताची जमीन पाण्याखालीच राहते. अलीकडच्या काही वर्षांत म्हणूनच मेळावा रोडावल्याच्या तक्रारी आहेत, आणि उपाशी हत्ती शेताकडे वळतात. पाणी साठवणं पुरेसं नाही, ते कधी उतरू द्यायचं हेही ठरवावं लागतं.

---

तिलारीकाठ

वाचलं. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कुंपण गावाने मिळून राखायचं असेल तर आधी गाव मिळवायला हवं. पण हंगामाचा मुद्दा त्यांना पटला, त्यांच्या वायंगणी शेतीसाठी. या गोष्टी इथे आमच्यापर्यंत कुणी आणत नाही. आभार.

---

सुरंगी

लहान मुलं बरोबर असतील त्यांच्यासाठी: पिन्नावला की उडवलवे? आम्ही दोन्हीकडे गेलो.

पिन्नावलाचं अनाथालय १९७५ पासूनचं आहे. नदीत अंघोळ करणारे हत्ती बघायला मुलांना आवडतात, पण साखळ्या दिसतात आणि मुलं प्रश्न विचारतात. माझ्या लेकीने विचारलं, यांना घरी कधी सोडणार? उत्तर नव्हतं.

उडवलवेचं केंद्र १९९५ चं. तिथेही आई गमावलेली पिल्लं आहेत, पण त्यांना हात लावता येत नाही, अंघोळ नाही, फोटोसाठी जवळ उभं राहणं नाही. ठरलेल्या वेळी दूध पाजतात, ते आपण लांबच्या मचाणावरून बघायचं. मोठी झाली की जंगलात सोडतात. आजवर शंभराहून जास्त सोडली आहेत. लेकीला इथे तिचं उत्तर मिळालं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे उडवलवेला द्या.

---

खाडीची_पोर (वेसावे)

मी समुद्राचं लिहिते. फेब्रुवारीत मिरिस्साहून निळा देवमासा बघितला. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल जातो, म्हणून एवढा मोठा प्राणी किनाऱ्याजवळ येतो. आधी पाण्याचा उंच फवारा, मग पाठ, आणि पाठ संपतच नाही. बुडी मारण्याआधी शेपूट सरळ वर आलं. माझे बाबा आयुष्यभर समुद्रात गेलेले, ते हात जोडून उभे राहिले.

होडी निवडताना नीट विचारा. काही होडीवाले पाठलाग करतात, चारी बाजूंनी घेरतात, आणि प्राणी श्वास पुरा न घेता खाली जातो. अंतर राखणारे, इंजिन बंद करून थांबणारेही आहेत. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

दुसरी काळजी जहाजांची. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला लागूनच जगातला अतिशय गर्दीचा जलमार्ग जातो आणि देवमासे धडकेने मरतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या मालवाहू कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही करायला हवं. २०१५ मध्ये आपल्या सिंधुदुर्गच्या समुद्रातही निळा देवमासा दिसला होता, तेव्हा हा प्रश्न परका नाही.

---

घाटवाटा

बाबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

नवरंग_ठाणे

माझ्या नावाच्या पक्ष्याबद्दल लिहिल्याशिवाय कसं राहू? नवरंग मे-जूनमध्ये कर्नाळा, फणसाड, आपल्या राष्ट्रीय उद्यानात येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. पावसाच्या तोंडावर थकलेला नवरंग कुणाच्या तरी बाल्कनीत सापडल्याची बातमी दरवर्षी असते. हिवाळ्यात हेच पक्षी दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतात. जानेवारीत सिगिरियाजवळच्या झाडीत मी तीच शीळ ऐकली. बायको म्हणाली, हा तर आपला!

सिंहराजाच्या जंगलातही जा. १९८८ पासून जागतिक वारसा. सत्तरच्या दशकात प्लायवूडसाठी तिथे तोड चालू होती, लोकांच्या विरोधामुळे ती थांबली. आत गेल्यावर बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि मग एकदम वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांचा एकत्र थवा अंगावरून जातो: सातभाई, कोतवाल, सुतार, आणि नशीब असेल तर निळाजर्द श्रीलंकन मॅगपाय. दहा मिनिटांत सगळं संपतं. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात, ते तिथे झाडं बघून पटतं. जळवा आंबोलीच्या तोडीच्या आहेत, मोजे न्या.

---

गिरगावकर_मंदार

सगळ्यांचे आभार, आमचं ठरत होतं आणि धागा सापडला. मुलांची शाळा आहे, त्यामुळे एप्रिल-मे किंवा दिवाळी. आई-बाबा सत्तरीचे. कुठे कुठे जाऊ?

---

नीलमोहर

मंदार, ऑगस्ट-सप्टेंबर जमत असेल तर मिन्नेरिया, पण त्यात गणपती येतात हे समजू शकते. एप्रिल-मेसाठी मी असं करेन: हबरणला मुक्काम ठेवून कलावेवा आणि सिगिरिया बघा. सिगिरियाच्या पायऱ्या आई-बाबांना जड जातील, त्यांनी खालच्या पाण्याच्या बागांत बसावं, त्याही काश्यपाच्याच काळातल्या आहेत. मग विल्पत्तू किंवा उडवलवे, दोन्हींपैकी एकच. उडवलवेला हत्ती वर्षभर दिसतात आणि सुरंगीने सांगितलेलं केंद्र तिथेच आहे, त्यामुळे मुलं असताना तेच बरं. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवीन वर्ष असतं, दुकानं बंद आणि रस्त्यावर गर्दी, ते दिवस टाळा. मे उजाडला की नैऋत्य किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो, मिरिस्साचा समुद्र खवळतो, देवमाशांसाठी मग पूर्वेला त्रिंकोमाली.

दिवाळीत जाणार असाल तर पूर्व आणि उत्तरेकडचा पाऊस सुरू झालेला असतो, तलाव भरायला लागतात, हत्ती पांगतात. पण भाताची पेरणी बघायला मिळेल.

ईटीए (देशात शिरण्याची परवानगी) निघण्याआधी ऑनलाइन काढा, नियम बदलत असतात म्हणून अधिकृत संकेतस्थळच बघा. पासपोर्ट जवळ ठेवा, सिगिरियाला सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर लागतो. जीपवाल्याला आधीच सांगा की बिबट्यामागे पळायचं नाही, एका तलावावर थांबायचं आहे. त्याला पहिल्यांदा नवल वाटेल, मग तोच चांगली जागा दाखवेल. आई-बाबांसाठी जीपमध्ये उशी न्या, रस्ते खडबडीत आहेत.

---

गिरगावकर_मंदार

उडवलवे आणि हबरण नक्की. बाबा विचारतायत, कलावेवाच्या बांधावरून चालता येतं का?

---

नीलमोहर

येतं. बांधावरून रस्ता आहे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर न्या. जवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती आहे, एकाच खडकात कोरलेली, तीही बघून घ्या.